कातळावरचे पट्टे संगणकावर: खडकाळ किनारा शिकवण्यासाठी नेटलोगो कसं आहे

खडकाळ किनाऱ्यावर जीवांचे पट्टे का पडतात हे अकरावी-बारावीला किंवा बी.एस्सी.ला शिकवत असाल, तर नेटलोगो ही सिम्युलेशन बनवण्याची संगणक-प्रणाली वापराच. फक्त एक अट पाळा: कोणती जात किती उंचीपर्यंत राहते हे कोडमध्ये लिहू नका. भरती-ओहोटी, कोरडं पडणं, पिल्लांचं चिकटणं, जागेसाठीची मारामारी एवढंच लिहा आणि सीमा आपोआप उमटू द्या. ही अट मोडली की बाकी सगळं बरोबर असूनही विद्यार्थी तेच शोधून काढतात जे शिक्षकाने आधीच टाइप करून ठेवलेलं असतं.

ओहोटीला कातळावर पट्टे दिसतात, पण त्यांचं कारण दिसत नाही. ते शोधायला एखादी जात खरवडून काढावी लागते, भक्षक आत येऊ नयेत म्हणून जाळीचे पिंजरे ठोकावे लागतात आणि मग वर्ष-दोन वर्षं मोजत राहावं लागतं. एका सत्रात हे बसत नाही, आणि शिकण्यासाठी शंभर मुलांनी कातळ खरवडावा असंही कोणी म्हणणार नाही. सिम्युलेशन इथे खरोखर कामाला येतं.

नेटलोगो ही युरी विलेन्स्की यांनी १९९९ साली तयार केलेली प्रणाली. आज ती अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून चालते. ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते आणि जावा वेगळं बसवावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवरही या लेखातली मॉडेलं आरामात चालतात. पडद्यावर चौकोनांची जाळी असते. प्रत्येक चौकोन म्हणजे पॅच, त्यावर हिंडणारे ते टर्टल, आणि काळाचं एक पाऊल म्हणजे टिक. किनाऱ्यासाठी ही मांडणी फार सोयीची आहे, कारण बर्नॅकल (कातळाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), शिनाणे, कालवं एकदा चिकटली की हलत नाहीत. ती सरळ पॅचवर बसवता येतात. टर्टल लागतात ते फक्त गोगलगायी आणि तारामासे यांच्यासाठी.

नव्या मॉडेलमध्ये जाळी ३३ बाय ३३ची येते. ती बदलून आडवी −५० ते ५० आणि उभी −३५ ते ३५ करा. एक पॅच ५ सेंटिमीटरचा धरला की ५ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच उभ्या कातळाची भिंत मिळते, एकूण ७,१७१ पॅच. पॅचचा उभा क्रमांक गुणिले ०.०५ म्हणजे सरासरी समुद्रपातळीपासूनची उंची. याच सेटिंगच्या खिडकीत पहिला सापळा आहे. नेटलोगोचं जग मुळात गुंडाळलेलं असतं: वरची कड खालच्या कडेला जोडलेली असते. तसंच ठेवलं तर सर्वांत कोरड्या कातळाचा शेजारी सर्वांत खोल कातळ होतो, आणि खालची जात अचानक माथ्यावर उगवते. उभं गुंडाळणं बंद करा. आडवं चालू ठेवा. त्यामुळे डाव्या-उजव्या कडांचा त्रास वाचतो.

आता भरती. सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण तयार मॉडेलांपैकी बरीच इथेच उरकून घेतात आणि उंचीऐवजी ‘वरचा, मधला, खालचा’ असे तीन रंग देऊन मोकळी होतात. भरतीचे दोन मुख्य घटक पुरेसे आहेत. चंद्राचा १२.४२ तासांचा, म्हणजे ताशी २८.९८४ अंशांनी फिरणारा. आणि सूर्याचा बरोबर १२ तासांचा, ताशी ३० अंशांनी फिरणारा. पहिल्याचा आयाम १.१ मीटर आणि दुसऱ्याचा ०.३ मीटर ठेवा. दोन्ही कोसाइन लाटा मिळवल्या की १४.७७ दिवसांचं उधाण-भांगाचं चक्र आपसूक येतं. नेटलोगोत साइन आणि कोसाइन अंशांत चालतात, रेडियनमध्ये नाही. पायथनची सवय असलेला हमखास इथे चुकतो, आणि त्याची भरती महिनाभर रेंगाळत राहते.

भरती प्रत्येक टिकला मोजू नका. मॉडेल सुरू होण्याआधी एकदाच, १० मिनिटांच्या पावलांनी २९.५३ दिवस चालवा, म्हणजे सुमारे ४,२५० पावलं. तेही एकाच स्तंभातल्या ७१ पॅचवर करा आणि उत्तरं बाकीच्या स्तंभांत उतरवा. ७,१७१ पॅचवर तेच काम शंभर पट वेळ खातं. प्रत्येक उंचीसाठी दोन आकडे साठवा: एकूण वेळेपैकी किती भाग पाण्याबाहेर, आणि सलग जास्तीत जास्त किती तास पाण्याबाहेर.

दुसरा आकडा बहुतेक जण विसरतात, आणि खरी गंमत त्यातच आहे. पहिला आकडा खालून वर जाताना संथपणे वाढतो. दुसरा उडी मारतो. भांगाची भरती १.१ वजा ०.३, म्हणजे ०.८ मीटरपर्यंत येते. त्याखालच्या जीवाला रोज दोनदा पाणी मिळतं. सलग कोरडं राहणं बारा-साडेबारा तासांच्या वर जात नाही. ०.९ मीटरवर मात्र भांगाच्या दिवसांत पाणी पोहोचतच नाही आणि कोरडेपणा साडेतीन दिवसांच्या आसपास जातो. १.१ मीटरवर जवळजवळ आठवडा. दहा-वीस सेंटिमीटरच्या फरकाने जगण्याचे नियम बदलतात. हा आलेख विद्यार्थ्यांसमोर आला की ‘सीमा इतकी रेखीव कशी’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळून जातं. मॉडेलमध्ये एकही जीव टाकण्याआधी हा आलेख काढायला लावा.

जीवांसाठी सर्वांत चांगलं पहिलं उदाहरण स्कॉटलंडमधल्या कम्ब्रे बेटाचं. जोसेफ कॉनेल यांनी तिथे दोन बर्नॅकलांवर केलेलं काम १९६१मध्ये प्रसिद्ध झालं. वरच्या पट्ट्यात लहान क्थॅमॅलस, खाली मोठा आणि झपाट्याने वाढणारा बॅलॅनस. आता त्याला सेमीबॅलॅनस म्हणतात. क्थॅमॅलसची पिल्लं बरीच खालपर्यंत चिकटतात, पण बॅलॅनस त्यांच्यावर चढतो, त्यांना खालून उचकटतो किंवा बाजूने चिरडतो. बॅलॅनस वर जाऊ शकत नाही, कारण त्याला कोरडेपणा सोसत नाही. वरची सीमा हवामान ठरवतं, खालची शेजारी. ही मांडणी पाठ्यपुस्तकांत इथूनच आली.

टिक पंधरवड्याची ठेवा, वर्षाला २६. सुरुवातीला हे आकडे घाला. ते फक्त मॉडेल चालू करण्यासाठी आहेत, मोजलेले नाहीत. बॅलॅनस दर वर्षी ८ ते ११ या टिकांत, म्हणजे एप्रिल अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, रिकाम्या पॅचवर ०.४ गुणिले पाण्याखालचा वेळ इतक्या संभाव्यतेने चिकटतो. क्थॅमॅलस त्याच सूत्राने १७ ते १९ या टिकांत. दर टिकेला मरण्याची मूळ संभाव्यता दोघांनाही ०.०१. त्यात बॅलॅनससाठी सलग कोरड्या दिवसांना ७ने भागून ०.३ने गुणलेली भर, क्थॅमॅलससाठी त्याचा दहावा हिस्सा. बॅलॅनसला खाणाऱ्या गोगलगायींसाठी ०.०५ गुणिले पाण्याखालचा वेळ. आणि क्थॅमॅलसच्या आठ शेजाऱ्यांपैकी जितके बॅलॅनस, तितके गुणिले ०.०४ ही चिरडलं जाण्याची संभाव्यता. बस्स. सीमा कुठेही लिहिलेली नाही, तरी वीस वर्षं म्हणजे ५२० टिका चालवल्यावर दोघांमधली रेषा भांगाच्या भरतीच्या पातळीभोवती उमटते. मग बॅलॅनसच्या चिकटण्याचा स्लायडर शून्यावर आणा: क्थॅमॅलस खाली उतरतो. कॉनेल यांना हे पाहायला किनाऱ्यावर महिनोन्महिने काढावे लागले होते.

इथेच एक महत्त्वाचं अपयशही दिसतं, आणि ते झाकू नका. या मॉडेलमध्ये एकटा पडलेला क्थॅमॅलस थेट तळापर्यंत पोहोचतो. कम्ब्रेच्या कातळावर त्याची पिल्लं साधारण मध्यपातळीपर्यंतच चिकटत होती. आपल्या नियमांत पिल्लं जागा निवडत नाहीत, म्हणून हा फरक पडतो. चिकटण्याच्या संभाव्यतेत उंचीची पसंती घातली की चित्र जुळतं, पण ती विद्यार्थ्यांनी स्वतः सुचवेपर्यंत घालू नका. मॉडेल कुठे चुकतं हे ओळखणं, ते कुठे जुळतं हे पाहण्याइतकंच मोलाचं आहे.

कोडमध्ये वारंवार होणाऱ्या चुका सांगतो. सगळ्यांत वाईट चूक म्हणजे ‘रँडम १’. हा आदेश नेहमी शून्य देतो, त्यामुळे ‘रँडम १ हे ०.०५पेक्षा लहान’ ही अट दरवेळी खरी ठरते आणि पहिल्याच टिकेला सगळे मरतात. शून्य ते एकमधला अपूर्णांक देणारं ‘रँडम-फ्लोट १’ हवं. दुसरी चूक सूक्ष्म आहे. नेटलोगो पॅचना एकामागून एक, यादृच्छिक क्रमाने काम सांगतं. एका पॅचने जात बदलली की त्याच टिकेत पुढचा पॅच ती बदललेली जात पाहतो. परिणामी बॅलॅनस एका पंधरवड्यात तीन-चार पॅच ओलांडतो. उपाय असा: प्रत्येक पॅचला ‘नवी जात’ असा वेगळा चल द्या, आधी सगळ्यांनी तो ठरवायचा, मग दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी एकदम लागू करायचा.

तिसरी चूक गणिताची. पुस्तकात वर्षाला निम्मे मरतात असं असेल, तर ०.५ भागिले २६ म्हणजे ०.०१९ लिहिलं जातं. तसं केलं तर वर्षाला सुमारे ४० टक्केच मरतात. एक वजा ०.५चं सव्विसावं मूळ, म्हणजे ०.०२६३, हा बरोबर आकडा. विद्यार्थ्यांना हे कागदावर करायला लावा.

शिकवण्याच्या दृष्टीने नेटलोगोचा आम्हाला सर्वाधिक आवडलेला उपयोग मात्र नमुना घेण्याचा आहे. सगळा किनारा राखाडी रंगवून लपवा. माउसने जिथे टिचकी माराल तिथला १० बाय १० पॅचचाच भाग उघडू द्या. आपल्या मापाने तो बरोबर ५० बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्ष किनाऱ्यावर वापरतात तीच पाव चौरस मीटरची चौकट. विद्यार्थ्याने उभ्या रेषेत सात चौकटी टाकायच्या, टक्केवारी मोजायची, आलेख काढायचा, आणि मग पडदा उघडून खरा आकडा पाहायचा. कातळावर खरा आकडा कोणालाच माहीत नसतो, इथे असतो. तीन चौकटींवरून काढलेला अंदाज किती भरकटतो, दहावर तो किती सावरतो, सोयीची जागा निवडून चौकट टाकली की काय होतं, हे अर्ध्या तासात समजतं. क्षेत्रभेटीच्या आदल्या दिवशी हे करून घ्यावं. क्षेत्रभेटीऐवजी करू नये: पडद्यावर सगळे कातळ सपाट असतात, एकही भेग नाही, एकही डबकं नाही, सावली नाही.

दुसरं मॉडेल भक्षकाचं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मक्कॉ बे इथे रॉबर्ट पेन यांनी १९६३पासून ८ मीटर लांब, २ मीटर रुंद पट्ट्यातून पिसॅस्टर हा तारामासा काढून टाकायला सुरुवात केली. १९६६च्या निबंधात त्यांनी नोंदवलं की तिथल्या जाती १५वरून ८वर आल्या. जागेच्या लढाईत शिनाण्यांचं पारडं जड होत गेलं. एरवी त्यांना आवरत होता तो तारामासा. एकटीच बाकी जातींचा तोल सांभाळणाऱ्या अशा जातीसाठी ‘कीस्टोन’ हा शब्द त्यांनी १९६९मध्ये वापरला. २०१३पासून त्या किनाऱ्यावर तारामाशांना अंग गळून पडण्याचा रोग झाला, आणि माणसाने पट्ट्यापुरतं केलेलं काम निसर्गाने शेकडो किलोमीटर पसरवून केलं; वर्गात या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात.

हे मॉडेल करताना बहुतेक शिक्षक नेटलोगोसोबत येणारं लांडगे-मेंढ्यांचं मॉडेल उघडतात आणि नावं बदलतात. कृपया असं करू नका. त्यात भक्षक खातो, त्याची ऊर्जा वाढते, तिथेच पिल्लू होतं, आणि दोन्ही संख्या लाटेसारख्या वर-खाली होतात. तारामाशाची पिल्लं समुद्रात तरंगत कुठल्या कुठे जातात. या कातळावर किती शिनाणे खाल्ले याचा इथल्या पुढच्या पिढीशी जवळजवळ संबंध नसतो. तसंच शिनाण्यांचं. लांडगे-मेंढ्यांच्या कोडवरून बनवलेला किनारा सुरेख लाटा दाखवतो आणि त्या तिथे नसतातच. तारामाशांची संख्या स्लायडरने ठरवा आणि स्थिर ठेवा. शिनाणे बाहेरून येऊ द्या. तारामाशाने ज्या उंचीवर पाण्याखालचा वेळ निदान ०.४ आहे तिथेच चढायचं. पुढे जाण्याआधी समोर जागा आहे का हे ‘कॅन-मूव्ह’ आदेशाने विचारा, कारण उभं गुंडाळणं बंद केल्यावर ते वरच्या-खालच्या कडांना अडकून रांगेने साचतात. तारामासे शून्यावर आणले की शिनाण्यांची खालची कड सरकत येते आणि खालच्या शेवाळाची जागा गिळते. हे दृश्य फार परिणामकारक आहे.

एका धावेवर निष्कर्ष काढू देऊ नका. त्यासाठी नेटलोगोत बिहेवियरस्पेस आहे: बॅलॅनसच्या चिकटण्याची पाच मूल्यं, प्रत्येकी ३० धावा, म्हणजे १५० धावा तो स्वतः चालवतो आणि फाइल देतो. त्यात ‘प्रत्येक टिकेला मोजा’ ही खूण काढा, नाहीतर ७८,००० ओळींची फाइल येते. सुरुवातीच्या कोडमध्ये ‘रँडम-सीड’ (यादृच्छिक आकड्यांचा क्रम पक्का करणारा आदेश) राहिला असेल तर तीसही धावा हुबेहूब सारख्या येतात आणि विचलन शून्य दिसतं. तो आधी काढा. खालची सीमा म्हणून सर्वांत खालचा जीव घेऊ नका, एखादा भरकटलेला क्थॅमॅलस सगळं बिघडवतो. उंचींची यादी चढत्या क्रमाने लावून खालून पाच टक्क्यांवरची उंची घ्या. यादी रिकामी असेल तर आधी तपासा. नाहीतर ती धाव त्रुटी देऊन अर्धवट थांबते.

कोकण-गोव्यासाठी हे मॉडेल वापरायचं तर फक्त नावं बदलून चालणार नाही. सेमीबॅलॅनस थंड पाण्यातला. तो आपल्याकडे नाही. भरतीही वेगळी: आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. म्हणून ताशी १५.०४१ आणि १३.९४३ अंशांचे दोन दैनिक घटक मिळवा आणि महिन्याऐवजी वर्षभराची भरती मोजा. पडताळणीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत, मुंबई आणि मुरगाव दोन्हींसाठी. मात्र कोष्टकातलं शून्य हे सरासरी समुद्रपातळीचं नसतं. मुंबईत सरासरी पातळी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. हे वजा न करता आकडे घातले की जवळजवळ सगळा कातळ बहुतेक वेळ पाण्याखाली जातो, आणि मुलं तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. जून ते सप्टेंबरच्या टिकांसाठी गोडं पाणी आणि लाटांचा मार यांची वेगळी मृत्यूसंभाव्यता लागेल. तिचा आकडा स्वतःच्या किनाऱ्यावर, पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच खुणेच्या चौकटी मोजूनच ठरवावा.

मेन्यू मराठीत नाहीत, ही उणीव जाणवते. बटणांना मराठी नाव देता येतं आणि टीपांच्या चौकटीत मराठी लिहिता येतं. पण स्लायडरवर चलाचंच नाव दिसतं, म्हणून ‘बी-सेटल’ असली नावं असतील तर शेजारी मराठी टीप ठेवा. ब्राउझरमधली आवृत्ती काही न बसवता चालते आणि तयार मॉडेल एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मुलांना देता येतं. तिच्यात बिहेवियरस्पेस नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर स्लायडर हाताळणं जिकिरीचं होतं. डेस्कटॉपवर मॉडेल मंद वाटलं तर संगणकाला दोष देण्याआधी पडदा रंगवण्याची पद्धत ‘सतत’वरून ‘दर टिकेला’ करा, आणि वेगाचा स्लायडर उजवीकडे सरकवा.